बाभळीपर्यंतची पन्नास पावलं

माझ्या वडिलांना खोडदपासून पिंपळवंडीपर्यंत सगळे घोडीवाले म्हणून ओळखत. आडनावाची गरज कधी पडली नाही. हजेरीपटावर माझं नाव नीट लिहिलेलं होतं, पण गुरुजीसुद्धा मला ‘घोडीवाल्यांची सुमन’ म्हणायचे, आणि मी बाकांमधून चालले की मागची पोरं खिंकाळायची. मला त्याचा राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं. आमचं अडीच एकर रान होतं, त्यात कांदा आणि बाजरी व्हायची, पण घराचा सगळा जीव गुंतलेला असायचा तो घरालगतच्या लांबट पत्र्याच्या तबेल्यात. तिथे कधी तीन घोड्या असत, कधी पाच. दोन आमच्या, बाकीच्या लोकांनी शिकवायला आणून बांधलेल्या.

काय शिकवायला, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडच्या बैलगाड्याला चार बैल जुंपतात. मागे हलका गाडा असतो आणि त्याच्यावर माणूस नसतो. बैलांच्या पुढे एक घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो, आणि घोडी पळते म्हणून बैल तिच्या मागे जीव खाऊन पळतात. शर्यतीच्या चढणीला घाट म्हणायचं. खाली जुंपणी, वर निशाण, आणि मधला सगळा खेळ मोजक्या सेकंदांचा. लोक बैलांची नावं घेतात, बैलांवर भंडारा उधळतात, बैलांचे फोटो छापतात. घोडीचं नाव कोणी विचारत नाही. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे फार लागायचं. बैलांचं कौतुक सांगायला कोणी आलं की ते ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे, आणि माणूस उठताना हमखास म्हणायचे, “पुढं कोण पळत व्हतं, ते बी सांगा की राव.”

आमच्या घराची सकाळ आवाजांनी भरलेली असायची. आधी दादांचा खोकला, मग घोड्यांचं फुरफुरणं, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. आई तोंडाने कमी बोलायची आणि भाकरीने जास्त. तिचा राग कोणावर आहे, ते थापण्याच्या जोरावरून कळायचं. चुलीचा धूर, लिदीचा वास आणि भिजवलेल्या हरभऱ्यांचा आंबूस वास, हे तिन्ही आमच्या कपड्यांत इतके मुरले होते की पुढे सासरी पहिल्या दिवशी मला स्वतःच्या अंगाला कसलाच वास येईना, तेव्हा मी न्हाणीघरात बसून रडले. हरभरे घोड्यांसाठी भिजत, पण मूठभर आमच्या वाटणीला यायचे, गुळाच्या खड्याबरोबर. घोड्यांचा खुराक आधी, आमची न्याहारी नंतर. याबद्दल आईने उभ्या जन्मात एकदाच तक्रार केली, आणि तीही घोडीजवळ.

घरात चौथा माणूस होता बाळू, माझा आतेभाऊ. आत्याचं घर चार कोसांवर, पण बाळूला शाळा मानवली नाही आणि घोडी मानवली, म्हणून तो आमच्याकडेच राही. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, हाडकुळा, वजन एवढंसं. दादांच्या घोड्यांवर तोच बसायचा. माझ्याशी भांडण करण्यात तो पहिला आणि माझ्या बाजूने खोटं बोलण्यात त्याहून पहिला. आता तो मंचरच्या बाजारात कांद्याचा टेम्पो चालवतो. भाऊबीजेला ओवाळते तेव्हा तो ताटात ओवाळणी डाव्या हाताने टाकतो. त्याचा उजवा हात खांद्यातून नीट उचलत नाही. त्याची बायको दरवर्षी म्हणते, अहो, उजव्या हाताने टाका, आणि मी ताट त्याच्या डाव्या हाताकडे सरकवते.

मी दहावीत गेले त्या वर्षी दादांनी शेवंती आणली. लोकांच्या घोड्या शिकवून शिकवून त्यांच्या मनात एक गोष्ट बसली होती, की एकदा आपली स्वतःची, पहिल्या दिवसापासून आपल्याच हाताखालची घोडी घाटात उतरवायची, आणि ती अशी पळवायची की लाऊडस्पीकरवरून पुकारणाऱ्याला तिचं नाव घ्यावं लागेल. शेवंती आली तेव्हा अडीच वर्षांची होती. पिवळसर बदामी रंग, कपाळावर पांढरा ठिपका, डोळे मात्र म्हाताऱ्या बाईसारखे शांत. नाव आईने ठेवलं. आईने नाव ठेवलेली ती पहिली आणि शेवटची घोडी.

दादांची शिकवण्याची एक पद्धत होती. आमच्या घरामागे माळाची चढण होती, खाली ओढ्यापासून सुरू होऊन वर थेट तबेल्याच्या दारापर्यंत येणारी. दादा खाली ओढ्यात उभे राहत, बाळूला घोडीवर बसवून सोडत. वर तबेल्याच्या दारासमोर वनस्पती तुपाचा पिवळा पत्र्याचा डबा घेऊन मी उभी. डब्यात कोरडे हरभरे. मी डबा उंच धरून खुळखुळवायचा, घोडीने डब्याच्या ओढीने चढ चढून यायचं. खरी मेख याच्या पुढे होती. घोडी जवळ आली की डबा द्यायचा नाही. पाठ फिरवायची आणि डबा वाजवत पुढे पळायचं, पन्नास पावलांवर एक बाभूळ होती तिथपर्यंत. घोडी मागे यायची. बाभळीखाली गेल्यावरच तिच्या तोंडापुढे डबा धरायचा.

याचं कारण दादांनी मला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं. घाटात निशाण ओलांडलं की माणसाची शर्यत संपते, बैलांची संपत नाही. चार बैल, मागे रिकामा गाडा, आवरणारं कोणी नाही. घोडी पुढे पळत राहिली तर बैल दमतात आणि धरणारे त्यांना दोऱ्यांनी धरतात. घोडी निशाणापाशी थांबली, तर मागचे बैल थांबत नाहीत. “घोडीला निशाण ठावं नसतं, सुमे,” दादा म्हणाले, “तिला फकस्त डबा ठावा असतो. म्हणून डबा निशाणाच्या लई पुढं पायजे.”

पंधरा दिवस मी नियम पाळला. सोळाव्या दिवशी बाभळीचा काटा टाचेत गेला, चांगला बोटाच्या पेरभर, आणि पळणं शक्यच नव्हतं. शेवंती आली, मी जागेवरच डबा पुढे केला. तिने तोंड घातलं. तिचा गरम श्वास माझ्या मनगटावर आला, तोंडातून चार हरभरे माझ्या पायावर सांडले. दुसऱ्या दिवशीही पाय ठणकत होता. तिसऱ्या दिवशीही. नंतर पाय बरा झाला, पण तोवर शेवंती माझ्यापाशी येऊन आपण होऊन थांबायला लागली होती. सुसाट यायची आणि माझ्यापासून हातभर अंतरावर चारही पाय रोवून उभी राहायची. मला वाटलं, ही माझ्यावर जीव टाकते. पंधरा वर्षांच्या पोरीला दुसरं काय वाटणार? मी वर्गात मैत्रिणींना सांगत सुटले की आमची घोडी फक्त माझ्यासाठी थांबते. खरं तर ती डब्यासाठी थांबत होती, आणि थांबायला मी शिकवलं होतं.

ओढ्यातून वरचं दिसत नसे, मध्ये उंचवटा होता. दादा धापा टाकत चढून वर यायचे आणि रोज एकच प्रश्न विचारायचे, “बाभळीपर्यंत?” मी म्हणायचे, “व्हय.” बाळू घोडीवरून उतरत असायचा. त्याला सगळं दिसत होतं. एकदा मी एकटी असताना तो मला म्हणाला की मामानं सांगितलंय ते कर, गंमत नाही ही. मी त्याला म्हटलं, सांग जा मामाला. तो सांगणार नाही, हे मला माहीत होतं. आईचं स्वयंपाकघर तबेल्याच्या दाराकडेच तोंड करून होतं. तिलाही दिसत असणार. तिने मला काही म्हटल्याचं आठवत नाही. घोड्यांच्या शिकवणीत आपण पडायचं नाही, असं तिने लग्नाच्या पहिल्या वर्षातच ठरवलेलं होतं.

जत्रेच्या महिनाभर आधी जुन्नरहून हुसेनचाचा आले. ते नालबंद होते. त्यांचे वडीलही नालबंद होते, आणि दादांच्या वडिलांच्या बैलांना त्यांनीच नाल मारलेले. चाचांनी शेवंतीचा मागचा पाय मांडीवर घेतला, जुना नाल उपसून काढला, उजेडात धरला आणि बराच वेळ बघत बसले. घोडीचं तोंड धरून मी उभी होते.

“सखाभाऊ,” ते म्हणाले, “मागच्या नालांच्या टाचा लई घासल्यात. पळता पळता ब्रेक मारती का काय ही?”

दादा हसले. उतारानं खाली नेताना घासत असतील, म्हणाले. चाचांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काही कळलं होतं असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी बघितलं. त्या क्षणी तोंड उघडायचं होतं. एक वाक्य, फार तर दोन. महिना हातात होता, सवय मोडता आली असती. मी शेवंतीच्या आयाळीत अडकलेलं कुसळ काढत राहिले.

जत्रेच्या दिवशी घरात मासवड्यांचा बेत होता. आईने पहाटेच सारण भाजून ठेवलं होतं, तिळाचा आणि खोबऱ्याचा वास तबेल्यापर्यंत गेला होता. दादांनी नवीन टोपी घातली. निघताना त्यांनी पिवळा डबा मागितला आणि मी तो पुसून दिला. घाटात डबा घेऊन ते स्वतःच उभे राहणार होते. आम्ही बायका-मुली तेव्हा घाटात जात नसू. आता जातात, पुढच्या खुर्च्यांवर बसतात, माझी सूनबाई तर मोबाईलवर चित्रण करते. मध्ये कित्येक वर्षं कोर्टाची बंदी होती, ती उठल्यावर सगळंच बदललं. माझ्या लहानपणी मुलींनी फार तर कालव्याच्या भरावावर चढून लांबून बघायचं, आणि विचारलं कोणी तर गवत कापायला आलो म्हणायचं.

मी भरावावर होते. एका बाजूला शेतांच्या पलीकडे खोडदच्या नव्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या उभ्या राहत होत्या, दुसऱ्या बाजूला घाट. माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. घाटात ढोल आणि लाऊडस्पीकर एकत्र झाले की लांबून नुसती घरघर ऐकू येते. मग त्या घरघरीतून पुकारणाऱ्याचा आवाज नीट आला, आणि त्याने शेवंतीचं नाव घेतलं. खरंच घेतलं. मी शेजारच्या मुलीचा हात इतका दाबला की ती ओरडली. खालून धुळीचा लोट उठला आणि लोटाच्या पुढे एक पिवळसर ठिपका निघाला. तो ठिपका बैलांपासून सुटत सुटत वर चालला होता. इतकी वर्षं घोड्या बघितल्या, तसं पळणं मी परत पाहिलं नाही. निशाणाच्या वर, गर्दीच्या पुढे, दादांचा पांढरा सदरा मला दिसत होता. हात वर, हातात डबा.

दादांनी नियमाप्रमाणे पाठ फिरवली आणि पुढे पळू लागले. आणि मला तेव्हा कळलं. तोपर्यंत खरंच ध्यानात आलं नव्हतं, कोणाला पटो न पटो. एवढे दिवस जे माझ्या अंगणात होत होतं ते इथे होणार आहे, हे मला कालव्यावर उभी असताना, अर्धा मैल लांबून, सगळ्यांच्या आधी कळलं. मी ओरडले असेन. ओरडून काय उपयोग होता? शेवंतीने दादांना गाठलं आणि चारही पाय रोवून ती उभी राहिली.

धुळीचा लोट तिच्यावरून गेला. नंतर बराच वेळ काही दिसलं नाही.

टेम्पोतून तिला घरी आणलं तेव्हा ती उभीच होती, तीन पायांवर. मागचा डावा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. बैलांना मुका मार लागला होता. बाळूच्या खांद्याचं हाड मोडलं होतं आणि तोंड मातीने भरलं होतं. दादा धड होते. त्यांची पाठ होती, त्यांनी काहीच बघितलं नव्हतं, आणि तेच ते सारखं सांगत होते, माझी पाठ व्हती, माझी पाठ व्हती. मग ओसरीवर बसलेल्या बाळूपुढे ते उभे राहिले आणि घोडी का थांबली म्हणून विचारलं. मी दारात होते. बाळूने माझ्याकडे बघितलंही नाही.

“म्याच लगाम खेचला, मामा,” तो म्हणाला. “भ्यालो व्हतो.”

दादांनी त्याला मारलं नाही. आपल्या घोडीवर परत बसायचं नाही, एवढं म्हणाले, आणि त्याच टेम्पोने त्याला आधी दवाखान्यात आणि तिथून आत्याकडे पाठवून दिलं. घोडीवर भिऊन लगाम खेचणारा स्वार म्हणून त्याचं नाव चार गावांत झालं. त्याला पुन्हा कोणी घोडी दिली नाही. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

मंचरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पाय चाचपला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. घोड्याचा पाय जुळत नाही, म्हणाले, तिला असं ठेवणं म्हणजे हाल आहेत, इंजेक्शन देऊन मोकळं करू. दादा म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही, उद्या बघू. ते तबेल्यातच बसून होते. पाल्याची पट्टी, हळद, बांबूच्या कामट्या, कोणी जे सांगेल ते करत होते. शेवंती घामाने भिजायची आणि हूं की चूं करायची नाही. मी दाराशी जायचे, तोंड उघडायचे आणि परत यायचे. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी मी आईला सगळं सांगितलं. तिने भाकरी थापणं थांबवलं नाही.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “आता बोलून घोडीचा पाय जुळायचा न्हाई आन् बाळ्याचा खांदा बी. आधी तुझ्या दादांना ह्या घोडीच्या दुखातनं निघू दे.”

हे बरोबर होतं का चूक, मला आजही सांगता येत नाही. मी मात्र त्या वाक्याच्या आड बसले, सोयीचं होतं म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीचा पाय काळा पडला आणि दादांनी होकाराची मान हलवली. डॉक्टर आले, हुसेनचाचा आले. गावातल्या माणसांनी बाभळीखाली खड्डा खणला. चाचांनी तिच्या तीन पायांचे नाल काढून घेतले. चौथ्याला हात लावता येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, तबेल्याचं दार अरुंद आहे, आत पडली तर बाहेर काढता येणार नाही. खड्ड्यापाशी चालवत न्या, तिथे देतो इंजेक्शन. दादांनी दोर धरून ओढलं. चाचांनी मागून रेटलं. ती हलेना. मान खाली घालून भिंतीला चिकटून उभी राहिली. कितीतरी वेळ हे चाललं. शेवटी दादा बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “सुमे, डबा आण.”

डबा घाटातच चेपला होता. मी त्यात हरभरे घातले आणि रोजच्या जागी, दारासमोर, उभी राहिले. डबा उंच धरून वाजवला. आतून शेवंतीने मान वर केली. कान पुढे केले. आणि ती आली. तीन पायांवर, एकेका पावलाला सगळं अंग हिसकत, उंबऱ्याला अडखळत, ती बाहेर आली, माझ्यापासून हातभर अंतरावर पोचली आणि उभी राहिली.

मी डबा वाजवत मागे सरकले. बाभळीकडे. एक पाऊल, दोन पावलं, दहा पावलं. ती जागची हलली नाही. तिने तोंड पुढे केलं आणि वाट बघत राहिली, जशी रोज बघायची. मी परत जवळ आले, परत मागे गेले. तिला वाटत होतं, तिचं काम झालं. जिथे थांबायचं तिथे ती थांबली होती. बाभूळ तिच्या ध्यानीमनीही नव्हती.

दादा तबेल्याच्या दारात दोर हातात घेऊन उभे होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या रोवलेल्या पायांकडे बघितलं, मग मी उभी होते त्या जागेकडे. तिथली माती रोजच्या थांबण्याने उकरून खोलगट झाली होती. इतके महिने ती तशीच होती, पण धापा टाकत वर येणारा माणूस पायाखाली बघत नाही. हुसेनचाचांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता दादा विचारतील.

“दे तिला,” दादा म्हणाले. “लगीच दे.”

मी डबा पुढे केला. तिने तोंड घातलं. तिचा श्वास माझ्या मनगटावर आला, तसाच गरम. दादांनी डॉक्टरांना खूण केली, इथंच द्या. सुई टोचली तेव्हा ती हरभरे चावत होती.

नंतर माणसांनी फळ्या घालून, दोर लावून तिला बाभळीपर्यंत ओढत नेलं. दुसऱ्या दिवशी दादा आत्याकडे गेले आणि संध्याकाळी एकटेच परत आले. बाळू आला नाही, आत्याने येऊ दिलं नाही. दादांनी पुढेही वीसेक वर्षं लोकांच्या घोड्या शिकवल्या. डबा घेऊन ते स्वतः वर उभे राहायचे आणि खाली ओढ्यात दुसरं कोणी असायचं. माझ्यावर ते कधी रागावले नाहीत, माझं लग्न थाटात केलं, माझ्या पोरांना खांद्यावर घेऊन फिरले. शेवटच्या दुखण्यात मी महिनाभर त्यांच्या उशाशी होते. रोज काही ना काही विचारायचे, पाणी आलं का, कांदा काढला का, पोरं जेवली का. मी सगळ्याला ‘व्हय’ म्हणायचे, आणि दर वेळी ते तोंड उघडत तेव्हा वाटायचं की आता विचारतील, “बाभळीपर्यंत?” या वेळी मी ‘नाही’ असं उत्तर देणार होते. त्यांनी विचारलं नाही.